एकशे सत्तावीस फूट तीन इंच

वसतिगृहातल्या माझ्या खोलीत, दारामागच्या खुंटीला, ठिबकच्या जुन्या नळीचे एक वेटोळे अडकवलेले आहे. सुरुवातीला मैत्रिणींना ते शेतकऱ्याच्या मुलीचे काहीतरी खूळ वाटले होते. नळी काळी आहे, बागेतून बाद झालेली आहे आणि तिची भोके क्षारांनी जागोजाग बुजलेली आहेत. तिच्यावर पांढऱ्या ऑइलपेंटचे तीन पट्टे ओढलेले आहेत: पहिला ६० फूट ६ इंचांवर, दुसरा ९० फुटांवर आणि तिसरा, अगदी टोकाजवळ, १२७ फूट ३ इंचांवर. ही मापे बेसबॉलच्या मैदानाची आहेत: पहिले अंतर पिचरच्या, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याच्या, पायाखालच्या पट्टीपासून फलंदाजापाशी असलेल्या होम प्लेटपर्यंतचे, दुसरे धावपटूच्या एका थांब्यापासून, म्हणजे बेसपासून, पुढच्या बेसपर्यंतचे आणि तिसरे होम प्लेटपासून सरळ सेकंड बेसपर्यंतचे, म्हणजे होम प्लेट आणि तीन बेस यांच्या चौकोनाच्या कर्णाचे. मी कॅचर आहे, फलंदाजामागे बसून चेंडू झेलणारी आणि पळणाऱ्या धावपटूला गाठायला तो सेकंड बेसकडे फेकणारी, त्यामुळे हे तिसरे अंतर माझे आहे. आणि बेसबॉलवरच्या माझ्या प्रेमाविषयी काही सांगायचे, तर ते या अंतरापासूनच सांगावे लागते.

बेसबॉल हा शब्द मी प्रथम कधी ऐकला ते मला आठवत नाही, पण त्या चेंडूचा आकार माझ्या हाताला शब्दाच्या आधीच ठाऊक झाला होता. जालना जिल्ह्यात आमची मोसंबीची बाग आहे. आंबिया बहराची फळगळ सुरू झाली की पावसाळ्याच्या शेवटी शेवटी झाडांखाली हिरव्या-पिवळ्या फळांचा सडा पडतो. ती फळे तशीच राहू दिली तर रोग पसरतो, म्हणून ती वेचून बांधापलीकडच्या खड्ड्यात टाकायची असतात आणि हे काम आमच्या घरी दादाकडे आणि माझ्याकडे असे. घमेले भरून खड्ड्यापर्यंत नेण्याचा कंटाळा आला की आम्ही लांबूनच नेम धरून एकेक फळ फेकत असू. मी सात-आठ वर्षांची असेन. मोसंबीवर बोटे कशी टेकवायची, फळ हातातून सुटताना मनगट कसे मोडायचे आणि वारा बाजूने असेल तर किती आधीच्या झाडावर नजर ठेवायची, हे मला कोणी शिकवले नाही. पुष्कळ वर्षांनी खरा बेसबॉल हातात आला तेव्हा त्याच्या १०८ टाक्यांवरून बोट फिरवताना मला एकदम बागेतल्या ओल्या मातीचा वास आठवला होता. नऊ इंचांच्या आसपास परीघ, म्हणजे गळीतले मध्यम आकाराचे एखादे फळच, फक्त वजनाला हलके, दीडशे ग्रॅमला थोडे कमी.

तोवर मधे सॉफ्टबॉल, बेसबॉलचाच मोठ्या चेंडूचा भाऊबंद, येऊन गेला होता. पाचवीत असताना खेळाच्या सरांनी पत्र्याची एक पेटी उघडली. तिच्यात पाच ग्लोव्ह्ज, दोन बॅटी, एक मास्क आणि छातीचे एक गार्ड होते. गार्डाचा एक पट्टा तुटला होता आणि तिथे सुतळी बांधलेली होती. आमच्या भागातल्या शाळांत कबड्डी आणि खो-खोच्या शेजारी सॉफ्टबॉल बघून बाहेरच्यांना आश्चर्य वाटते, पण त्यामागचे कारण साधे आहे. शालेय स्पर्धांच्या यादीत तो खेळ आहे, संघ कमी असतात, त्यामुळे जिल्ह्यातून विभागापर्यंत आणि विभागातून राज्यापर्यंत जाण्याची वाट त्यामानाने मोकळी असते, आणि दहावी-बारावीला खेळाचे वाढीव गुण मिळतात. आमच्यापैकी बहुतेकजणी त्या गुणांसाठीच आल्या होत्या आणि त्यात लाज वाटण्यासारखे काही आहे, असे मला आजही वाटत नाही. मी कॅचर झाले तीही आवडीने नव्हे. मास्कच्या आतल्या स्पंजाला आधीच्या कित्येक मुलींच्या घामाचा आंबट वास येत असे, तो घालायला कोणी तयार नव्हते, आणि मी रांगेत शेवटी उभी होते.

मात्र एकदा तो मास्क लावून प्लेटमागे बसल्यावर मला तिथून उठावेसेच वाटेना. मैदानावरचे आठही क्षेत्ररक्षक एका दिशेला तोंड करून उभे असतात. कॅचर एकटी त्यांच्यासमोर, रेषेच्या बाहेरच्या जागेत बसलेली असते आणि तिला सगळे दिसते. शॉर्टस्टॉप, म्हणजे सेकंड आणि थर्ड बेसच्या मधली मुलगी, पेंगुळली आहे, डावीकडची मुलगी बांगडीशी चाळा करते आहे, फर्स्ट बेसवरची धावपटू पायाच्या बोटांनी माती उकरते आहे म्हणजे आता पळणार आहे, हे सगळे त्या जाळीतून टिपता येते. घरात मी धाकटी. माझे कोणी फारसे ऐकत नसे. इथे मी दोन बोटे मांडीआड दाखवली की पिचर मान हलवत असे. दहा-अकरा वर्षांच्या मुलीला याहून मोठा अधिकार कुठे मिळणार होता?

महाविद्यालयात आल्यावर कळले की सॉफ्टबॉल खेळणाऱ्या मुलींनाच बेसबॉलच्या संघातही घेतात. चेंडू लहान आणि कठीण झाला, पिचर खांद्याखालून फेकायची ती वरून फेकू लागली, बेसवरची मुलगी चेंडू सुटण्याआधीच चार पावले पुढे सरकून उभी राहू लागली. हे सगळे फरक आम्हाला सांगितले गेले आणि आम्ही ते शिकलो. सराव मात्र त्याच मैदानावर, त्याच खुणांवर चालू राहिला, आणि त्याचा परिणाम पहिल्याच वर्षी, अखिल भारतीय आंतरविद्यापीठ स्पर्धेत, माझ्या पदरात पडला.

सामना परगावी होता. सहाव्या इनिंगला आम्ही एका धावेने पुढे होतो आणि समोरच्या संघाची एक मुलगी फर्स्ट बेसवर होती. ती पळणार हे मला तिच्या पायावरून कळले होते, मी तयार होते, चेंडू मिटमध्ये, म्हणजे कॅचरच्या जाड ग्लोव्हमध्ये, नीट बसला, उठून केलेली फेक माझ्या मते आयुष्यातली सर्वांत चांगली फेक होती. चेंडू पिचरच्या डोक्यावरून गेला आणि मग कोणीतरी मागून दोरी ओढावी तसा खाली आला. सेकंड बेसच्या कितीतरी अलीकडे त्याने टप्पा घेतला आणि तो आमच्या शॉर्टस्टॉपच्या नडगीवर आदळला. त्यानंतर त्यांनी मला हेरलेच. पुढच्या दोन इनिंगमध्ये तिघींनी बेस चोरले, म्हणजे फटक्याची वाट न पाहता पळून पुढचा बेस गाठला, तीनही वेळा माझी फेक तशीच पडली आणि आम्ही सामना हरलो. परतीच्या गाडीत आमचे प्रशिक्षक फारसे रागावले नाहीत. हातात जीव नाही, एवढेच म्हणाले. ते मला पटले, म्हणून अधिक लागले. मी सहा महिने डंबेल्स उचलत राहिले.

कारण सापडले ते दिवाळीच्या सुट्टीनंतर, अगदी क्षुल्लक निमित्ताने. मैदानावर नव्याने फक्की मारायची होती आणि ते काम माझ्याकडे आले. चौकोन काटकोनात यावा म्हणून आधी होमपासून सेकंड बेसपर्यंत टेप ताणायची, मग दोन्ही टोकांकडून बेसच्या अंतराचे कंस काढून फर्स्ट आणि थर्ड बेसच्या जागा मिळवायच्या. नववीतला पायथागोरस एवढ्या उपयोगाला येईल असे तेव्हा वाटले नव्हते. कर्ण भरला ८४ फूट १० इंच. मी पुन्हा मोजला. बाजू ६० फुटांच्या होत्या. आमचे मैदान चुकीचे आखलेले नव्हते, ते सॉफ्टबॉलचे अचूक मैदान होते. आणि मी त्यावर आठ-नऊ वर्षे रोज फेकत आले होते. माझ्या खांद्याने, कमरेने आणि डोळ्याने ८४ फुटांचे माप इतके पक्के केले होते की पुढे दीडपट अंतर आहे हे समजूनही हात चेंडू जुन्या जागीच सोडत होता. परगावचे मैदान मोठे दिसले होते हे खरे, पण परगावचे मैदान कुणालाही मोठेच दिसते.

ही गोष्ट मी सुट्टीत घरी सांगितली तेव्हा आई हळहळली आणि अण्णांनी एकदम विचारले, "किती गुंठं लागतंय गं तुझ्या ह्या खेळाला?" मी हिशोब केला. आतला चौकोन ९० फूट बाजूचा, म्हणजे ८,१०० चौरस फूट. गुंठा १,०८९ चौरस फुटांचा. साडेसात गुंठ्यांना जरासा कमी. "आणि बाकीचं रान?" सगळे मिळून अडीच-तीन एकर, असे मी सांगितल्यावर ते बराच वेळ हसत राहिले. "म्हंजी आपली अर्धी बाग मोडावी लागंल." मग त्यांनी १२७ फूट ३ इंचांचे मनातल्या मनात साखळ्यांत रूपांतर केले. साखळी ३३ फुटांची. चार साखळ्यांना पावणेपाच फूट कमी. मोजणीच्या वादात आयुष्य गेलेल्या माणसाला अंतर असे सांगितल्याशिवाय दिसत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी ठिबकची बाद नळी घेतली, लोखंडी टेपने मोजून कापली आणि पट्टे रंगवून दिले.

विहिरीच्या कठड्यापासून बांधावरच्या कडुनिंबापर्यंत नळी पसरली, तर ती कडुनिंबाच्या दोन पावले अलीकडे संपते. मी त्या जागी वीट पुरली. त्या सुट्टीत आणि नंतरच्या प्रत्येक सुट्टीत मी पहाटे तिथे फेकत आले आहे. माझ्याकडे सहा चेंडू होते. ते संपले की गळीची फळे. फळ चेंडूहून जड असते आणि दोन्ही वस्तू आलटूनपालटून फेकणे कोणत्याही प्रशिक्षकाला आवडणार नाही, पण हाताला जुनी ओळख परत मिळाली. फेक खांद्यातून काढायची नसते, पायातून काढायची असते, हे मला तिथे उमगले: चेंडू मिटमध्ये येतानाच उजवा पाय आडवा पडला पाहिजे, मिट कानाकडे गेला पाहिजे आणि तिथेच चेंडू हातात बदलला पाहिजे. अमेरिकेतल्या व्यावसायिक सामन्यांत मिटमध्ये चेंडू आदळल्यापासून सेकंड बेसवर पोहोचेपर्यंत साधारण दोन सेकंद लागतात. दादाने मोबाइलवर माझे मोजले तेव्हा सुरुवातीला तीन सेकंद भरत होते. आता अडीचच्या आसपास येतात. वरचे अर्धे सेकंद कधी जाईल असे वाटत नाही, पण आमच्या स्पर्धांत पळणाऱ्याही मुलीच असतात.

एके दिवशी दुपारी नळी पुन्हा पसरली तर तिचे टोक विटेच्या चार-पाच बोटे पुढे गेले. मी घाबरले, मग अण्णांनी हात लावायला सांगितला. काळे प्लास्टिक उन्हात तापून वाढले होते. तेव्हापासून नळीने आखायचे ते सूर्य वर येण्यापूर्वी, असा नियम आहे.

मापांचे वेड लागल्यावर मी त्यांच्या मागेही जाऊ लागले. ६० फूट ६ इंच हा आकडा असा विचित्र का, याविषयी एक गमतीदार दंतकथा सांगतात: मूळ नकाशावर ६० फूट शून्य इंच लिहिले होते आणि कोणीतरी त्या शून्याला सहा वाचले. खरी हकीकत एवढी चटकदार नाही. १८९३ पूर्वी पिचरला चौकट आखून दिलेली असे. तिची पुढची रेषा प्लेटपासून ५० फुटांवर होती, परंतु मागचा पाय त्याला साडेपंचावन्न फुटांवरच्या मागच्या रेषेवर ठेवावा लागे. पिचर फारच वेगाने फेकू लागले, फलंदाज हतबल झाले, म्हणून त्या मागच्या रेषेत पाच फूट मिळवले, चौकट काढून टाकली आणि रबराची पट्टी बसवली. म्हणजे सहा इंच हे कुणाच्या चुकीतून आलेले नाहीत, जुन्या मापाचे उरलेले शेपूट आहेत. मला ही हकीकत दंतकथेहून अधिक आवडते. १९६८ च्या हंगामात पिचर पुन्हा डोईजड झाले, तेव्हा माउंडची, म्हणजे पिचर ज्यावरून फेकतो त्या मातीच्या उंचवट्याची, उंची १५ इंचांवरून १० इंचांवर आणली गेली. खेळ सव्वाशे वर्षे माणसाच्या हाताला आणि पायाला तोलत आला आहे, आणि तो तोल प्रत्येक वेळी इंचांत सापडला आहे.

मातीचेही तसेच आहे. नवा चेंडू तुकतुकीत असतो, हातातून निसटतो. अमेरिकेतल्या मोठ्या सामन्यांत प्रत्येक चेंडूला न्यू जर्सीतल्या एका नदीकाठचा चिखल चोळून त्याची चमक घालवतात. आम्ही बागेतली काळी माती चोळून पाहिली, तर चेंडू साबणासारखा झाला. मुरमाची चाळलेली भुकटी मात्र चालली. जपानमध्ये शालेय मुलांची मोठी स्पर्धा कोशिएनच्या मैदानावर होते आणि हरलेले खेळाडू जाताना तिथली मूठभर माती पिशवीत भरून नेतात. १९५८ मध्ये ओकिनावाच्या शुरी शाळेचा संघ अशी माती घेऊन घरी निघाला, पण ओकिनावा तेव्हा अमेरिकेच्या ताब्यात होते, त्यामुळे ती परदेशची माती ठरली आणि रोगकिडीच्या नियमावर बोट ठेवून बंदरातच फेकून देण्यात आली. हे कळल्यावर एका विमानसेविकेच्या पुढाकाराने त्या मुलांना कोशिएनचे खडे पाठवले गेले. खड्यांना तो नियम लागू नव्हता. ज्या घरात गळीची फळे रोगाच्या भीतीने खड्ड्यात पुरतात त्या घरातल्या मुलीला त्या अधिकाऱ्यांचाही राग धड करता येत नाही. त्या मैदानावर मुलींच्या शालेय स्पर्धेचा अंतिम सामना प्रथम झाला तो २०२१ मध्ये, मैदान बांधले गेल्यानंतर ९७ वर्षांनी. जपानच्या महिलांनी तोवर लागोपाठ सहा विश्वचषक जिंकले होते.

पुढे काय करणार, असे नातेवाईक विचारतात तेव्हा त्यांच्या मनात ऑलिंपिक असते. २०२८ मध्ये लॉस एंजेलिसला बेसबॉल परत येतो आहे, पण पुरुषांसाठी. महिलांसाठी तिथे सॉफ्टबॉल आहे. क्रिकेटही येणार आहे, स्त्रीपुरुष दोघांचे, हे ऐकून मामांना वाटते की मी अजूनही बदलू शकते. २००८ मध्ये उत्तर प्रदेशातले रिंकू सिंग आणि दिनेश पटेल हे दोन भालाफेकपटू एका चेंडूफेकीच्या स्पर्धेतून निवडले जाऊन अमेरिकेतल्या पिट्सबर्गच्या संघाशी करारबद्ध झाले, ही बातमी आम्हा सगळ्यांना तोंडपाठ आहे. पण ती वाटही मुलींची नाही. भारताचा महिला बेसबॉल संघ आहे, तो २०१६ च्या विश्वचषकात कोरियात खेळला होता, आणि त्या संघाचा शर्ट अंगावर यावा ही इच्छा मी सोडलेली नाही. राज्याच्या शिबिरापर्यंत मी दोनदा गेले, दोन्ही वेळा अंतिम यादीत नाव नव्हते. दुसऱ्या वेळी निवडलेली कॅचर माझ्याहून चांगली होती, हे प्लेटमागून मला स्पष्ट दिसत होते. पहिल्या वेळेविषयी मी अजून तसे म्हणू शकत नाही.

दरम्यान बी.पी.एड.चे, म्हणजे शारीरिक शिक्षणाच्या पदवीचे, हे शेवटचे वर्ष आहे. परीक्षेनंतर प्रशिक्षणाचे काम करायचे, आणि ते तालुक्याच्या ठिकाणी करायचे, हे मी ठरवले आहे. माझ्या जुन्या शाळेने मैदानाची पूर्वेकडची बाजू देऊ केली आहे, लग्नसराईचे दिवस सोडून. पूर्ण मैदान तिथे बसत नाही; उजवीकडे पाण्याची टाकी आड येते. पण चौकोन बसतो आणि माउंड बसतो. माउंड हीच खरी मेहनत आहे: १८ फूट व्यासाचे वर्तुळ, पट्टीपाशी १० इंच उंची, तिच्या पुढे सहा इंचांवर उतार सुरू, आणि तिथून प्रत्येक फुटाला एक इंच उतरत जायचे. आमच्या पिचर आजवर सपाट जमिनीवरून फेकत आल्या आणि बाहेर गेल्यावर उतारावर पहिला पाय टाकतानाच अडखळल्या. माझ्यासारखीच त्यांचीही गत. गावातल्या कुंभारकाकांनी तळ्याच्या गाळात मुरूम किती मिसळावा ते सांगितले आहे. त्यांच्या मते नुसता गाळ उन्हाळ्यात भेगाळेल आणि नुसता मुरूम पहिल्या पावसात वाहून जाईल. कुस्तीच्या हौद्याची माती ते लहानपणी तालमीसाठी मळत असत, त्यामुळे त्यांचा शब्द मी प्रमाण मानते.

लहान मुलींना लहान मैदान हवे, यावर माझे दुमत नाही. अमेरिकेतही बारा वर्षांपर्यंतची मुले ६० फुटांच्या बेसवर आणि ४६ फुटांवरून खेळतात. मैदान लहान असल्याने माझे काही बिघडले नव्हते. ते लहान आहे, हे मला नऊ वर्षांत कोणी बोलले नव्हते.

मागच्या रविवारी पहाटे मी नळी घेऊन शाळेत गेले. पाचवी-सहावीच्या सात मुली आल्या होत्या, त्यांपैकी दोघी शाळेचा गणवेश घालून, कारण खेळाचे कपडे म्हणजे काय ते त्यांना कळले नव्हते. आम्ही ६० फुटांचा चौकोन फक्कीने आखला, आणि मग नळी तशीच पुढे ताणत नेऊन तिच्या टोकाशी, मोठ्या सेकंड बेसच्या जागी, एक वीट पुरली. ते काय आहे, असे सहावीतल्या एका मुलीने विचारले. "मोठी झालीस की तिथपर्यंत फेकायचंय," असे मी सांगितले. तिने चेंडू मागितला. प्लेटमागे बसून, उठून, दोन्ही पाय एकत्र येऊन जवळजवळ पडत तिने फेकला. तो फक्कीच्या चौकोनाच्याही आत टप्पा खाऊन, घरंगळत, टाकीच्या सावलीत थांबला. बाकीच्या हसल्या. ती मात्र पळत चेंडूपाशी गेली, तिथून विटेपर्यंत पावले मोजत चालत राहिली आणि विटेवर उभी राहून ओरडली, "ताई, एकोणतीस!" मग चेंडू घेऊन परत आली आणि पुन्हा प्लेटमागे बसली.